जॅक बेनीचा कंजूषपणा २३ वर्षं कसा काय चालला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जॅक बेनीचा जुना अमेरिकन रेडिओ कार्यक्रम ऐकायला घेतला, पण दोन-तीन भाग झाल्यावर वाटलं की माणूस चिकट आहे, बढाईखोर आहे आणि व्हायोलिन भिकार वाजवतो, एवढंच याचं भांडवल. मग लोकांनी हे इतकी वर्षं ऐकलं कसं? आणि खरा बेनी असाच होता का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात वादाला जागा नाही. खरा बेनी अजिबात तसा नव्हता, त्याबद्दल पुढे लिहितोच. पहिल्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागेल. मी हे भाग कित्येक वर्षं ऐकत आलोय आणि माझं मत पक्कं झालंय: बेनीचा कंजूषपणा हा विनोद नव्हताच. तो नुसता पाया. त्यावरचे मजले बेनीने दुसऱ्यांना राहायला देऊन टाकले. त्याच्या कार्यक्रमातले सगळ्यात मोठे हशे नीट तपासले तर बहुतेक वेळा वाक्य दुसऱ्याच्या तोंडी असतं आणि बेनी गप्प असतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. बेंजामिन कुबेल्स्की हे त्याचं मूळ नाव. जन्म १४ फेब्रुवारी १८९४, शिकागोचा. वाढला जवळच्या वॉकीगन गावात. लहानपणापासून व्हायोलिन शिकला, गावातल्या थिएटरात वाजवायला लागला, मग व्हॉडव्हिलच्या, म्हणजे गाणी, नाच, विनोद अशा मिश्र करमणुकीच्या, रंगमंचावर गेला. तिथे हळूहळू व्हायोलिन मागे पडलं आणि बोलणं वाढलं. नाव दोनदा बदलावं लागलं, कारण यान कुबेलिक नावाचा प्रसिद्ध व्हायोलिनवादक आधीच होता आणि नंतर घेतलेलं ‘बेन बेनी’ हे बेन बर्नी नावाच्या बँडवाल्याच्या फार जवळ जात होतं. २ मे १९३२ ला त्याचा स्वतःचा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला आणि १९५५ पर्यंत चालला. प्रायोजक बदलत गेले, कधी जेलीवाले, कधी सिगारेटवाले. मंडळी मात्र बरीचशी तीच राहिली. टीव्हीवरचा कार्यक्रम १९५० ला सुरू होऊन १९६५ पर्यंत होता.

आता ती मंडळी. तुमचं मन अजून रमलं नसेल तर ते यांची ओळख नीट न झाल्यामुळे. मेरी लिव्हिंगस्टन ही प्रत्यक्षात बेनीची बायको, पण कार्यक्रमात ती बायको नाही. ती त्याला क्षणात जमिनीवर आणणारी मैत्रीण आहे. निवेदक डॉन विल्सन देहाने अगडबंब. बँडमास्तर फिल हॅरिस दारूचा शौकीन आणि स्वतःच्या रूपावर बेनीपेक्षाही जास्त खूश, बॉसला सरळ ‘जॅक्सन’ म्हणून हाक मारणारा. गायक डेनिस डे भोळसट पोर. त्याला गाण्याच्या पगारात बेनीच्या अंगणातलं गवतही कापावं लागतं. मेल ब्लँक तर काय, एकटा माणूस दहा माणसांचं काम करतो. बेनीची जुनाट मॅक्सवेल गाडी खोकते, शिंकते, आचके देते, ते सगळं ब्लँकच्या तोंडातून. (मॅक्सवेल कंपनी १९२५ मध्येच क्रायस्लरमध्ये विरून गेली होती, म्हणजे तेव्हाच्या श्रोत्याला ती गाडी केवढी पुरातन आहे हे सांगावं लागत नव्हतं.) बेनीचा वैतागलेला व्हायोलिनचा मास्तर तोच, आणि रेल्वे स्टेशनवर ‘अनाहाइम, अझुसा अँड कुक...’ म्हणून थांबणारा आणि बऱ्याच वेळाने ‘...अमोंगा’ म्हणणारा उद्घोषकही तोच (कुकामोंगा हे गावाचं नाव). ते ‘कुक’ आणि ‘अमोंगा’ यांच्यातलं अंतर वर्षागणिक वाढत गेलं. शेवटी शेवटी मध्ये एक अख्खा प्रसंग होऊन जातो, श्रोता विसरतो, आणि मग ‘अमोंगा’ येतं.

आणि रॉचेस्टर. एडी अँडरसन हा कृष्णवर्णीय नट २८ मार्च १९३७ च्या भागात रेल्वेच्या डब्यातल्या पोर्टरच्या छोट्या भूमिकेसाठी आला. लोकांना तो इतका आवडला की त्याला परत बोलावलं आणि काही महिन्यांत तो बेनीचा घरचा नोकर रॉचेस्टर झाला, तो थेट टीव्हीच्या शेवटापर्यंत. घोगरा, खरखरीत आवाज. आणि मालकाची एकही बढाई तो शाबूत ठेवत नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. सुरुवातीच्या वर्षांत रॉचेस्टरला जुगार, दारू असल्या ठरीव, कृष्णवर्णीयांना हिणवणाऱ्या साच्यात बसवलेलं ऐकू येतं आणि ते आज ऐकवत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर बेनी आणि त्याच्या लेखकांनी ते प्रकार जाणीवपूर्वक काढून टाकले. १९५० मध्ये एक जुनी संहिता पुन्हा वापरली तेव्हा लोकांनी निषेध नोंदवला, तो योग्यच होता. युद्धानंतरचा रॉचेस्टर हा त्या घरातला सगळ्यात शहाणा माणूस आहे. कोट्यधीश मालक मूर्ख ठरतो आणि नोकर त्याला ओळखून असतो, हे त्या काळच्या अमेरिकेत दर रविवारी घराघरांत ऐकू येत होतं. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

आता तो सुप्रसिद्ध प्रसंग जरा जवळून बघू. तारीख २८ मार्च १९४८. (रॉचेस्टर पहिल्यांदा आला त्याला बरोबर ११ वर्षं, आणि दोन्ही वेळा ईस्टरचा रविवार होता.) बेनीचे शेजारी म्हणून कार्यक्रमात रोनाल्ड कोलमन आणि त्याची बायको बेनिटा ह्यूम यायचे. कोलमन म्हणजे हॉलिवूडमधला अत्यंत घरंदाज इंग्लिश नट, रेशमासारखा आवाज. प्रत्यक्षात तो बेनीचा शेजारी नव्हता, पण डिसेंबर १९४५ पासून श्रोत्यांनी त्याला शेजारीच मानलं. बेनी यांच्याकडून सारखं काहीबाही उसनं नेणार, न बोलावता टपकणार, स्वतःला त्यांचा जिवलग समजणार. आणि ही दोघं कपाळाला हात लावणार. आठच दिवसांपूर्वी कोलमनला खऱ्याखुऱ्या आयुष्यात ऑस्कर मिळालं होतं. तर बेनी काय करतो? ते ऑस्कर उसनं मागून नेतो. कारण बढाईखोर माणसाला दुसऱ्याचं ऑस्करही चालतं.

रात्रीची वेळ, रस्त्याने बेनी एकटा घरी निघालाय, हातात ते ऑस्कर. पावलांचा आवाज. एक लुटारू आडवा येतो आणि काडेपेटी मागायच्या निमित्ताने पिस्तूल काढतो. ‘पैसा की प्राण?’ आणि बेनी गप्प.

इथे रेकॉर्डिंग कान देऊन ऐका. रेडिओवर शांतता म्हणजे धोका, श्रोत्याला वाटतं यंत्र बंद पडलं. बेनी ती शांतता सोडत नाही. स्टुडिओतल्या लोकांत आधी थोडी खसखस पिकते, मग ती पसरते, मग सगळं सभागृह हसायला लागतं. अजून बेनी एक अक्षर बोललेला नाही. लुटारू चिडून पुन्हा विचारतो, तेव्हा बेनी वैतागून म्हणतो, ‘विचार करतोय ना!’ लोकांनी तो विनोद वाक्याआधीच ओळखला होता. सोळा वर्षं दर आठवड्याला त्यांना सांगितलं गेलं होतं की हा माणूस चमडी देईल पण दमडी देणार नाही. आता त्याने नुसतं थांबायचं होतं, विनोद लोक आपापल्या डोक्यात पुरा करणार होते. अनोळखी नटाने हेच केलं असतं तर कुणालाही हसू आलं नसतं. या वाक्याच्या जन्माची गोष्टही तशीच आहे. दोन लेखक बसले होते, ‘पैसा की प्राण’पुढे काय लिहावं सुचेना. एकाने दुसऱ्याला खोदून विचारलं, काहीतरी बोल की, आणि दुसरा त्रासून म्हणाला, ‘विचार करतोय.’ झालं.

आणि गंमत म्हणजे लेखकांनी प्रसंग तिथे संपवला नाही. लुटारू ऑस्कर घेऊन जातो. आता बेनीपुढे यक्षप्रश्न: शेजाऱ्याला काय सांगायचं? ते प्रकरण पुढचे काही आठवडे चालू राहतं. म्हणूनच मी म्हणतो की सुटा भाग ऐकू नका. सुट्या भागात हा कंजूष माणसाचा चुटका वाटतो. सलग ऐकलं की ते एका माणसाचं चरित्र होतं. याच महिनाभरात, २५ एप्रिल १९४८ ला, गायिका डोरोथी कर्स्टन पाहुणी म्हणून आली. ती आणि डॉन विल्सन ऑपेराविषयी विद्वत्तापूर्ण चर्चा करत राहतात. बेनीला राहवत नाही, आपणही जाणकार आहोत हे दाखवायला तो मध्ये तोंड घालतो, ‘मला वाटतं...’ आणि मेरी ताडकन म्हणते, ‘गप्प बस हो!’ बस, एवढंच. कार्यक्रमाच्या इतिहासातल्या सगळ्यात लांब हशांमध्ये याची गणना होते. पुन्हा बघा: हशा मेरीचा, बेनीकडे अर्धवट तुटलेलं वाक्य.

बेनीने हे समजून-उमजून केलं. त्याचं गणित साधं होतं. हशा कुणालाही मिळो, सोमवारी लोक म्हणणार की काल बेनीचा कार्यक्रम छान झाला. पण गणित साधं असलं तरी ते निभावायला केवढं मन लागतं! रंगमंचावरच्या माणसाला हशा सोडवत नाही. इथे तर लेखकांना, नोकराला, दुकानदाराला, पाहुण्याला, सगळ्यांना मोकळीक होती की याला धोपटा.

फ्रेड ॲलनचं भांडण हे त्याचं उत्तम उदाहरण. ॲलन हाही मोठा रेडिओ विनोदवीर, बेनीचा व्हॉडव्हिलपासूनचा दोस्त. ३० डिसेंबर १९३६ ला ॲलनच्या कार्यक्रमात स्टुअर्ट कॅनिन नावाच्या दहा वर्षांच्या मुलाने ‘द बी’ ही व्हायोलिनची रचना सुरेख वाजवली. ॲलनने आयत्या वेळी बेनीच्या वादनावर एक टोमणा मारला. पुढच्या रविवारी बेनीने उत्तर दिलं. आधी काही ठरलेलं नव्हतं, पण दोघांनाही चव लागली. टोमण्यावर टोमणे वाढत गेले आणि १४ मार्च १९३७ ला न्यूयॉर्कच्या हॉटेल पिअरमध्ये दोघे एकाच कार्यक्रमात आमनेसामने आले. मारामारी करायला म्हणून बाहेर गेले आणि जुन्या आठवणी काढत हसत परत आले. पुढे वर्षानुवर्षं ते भांडण सुरूच राहिलं. तो छोटा कॅनिन मोठेपणी सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीचा पहिला व्हायोलिनवादक झाला. त्याआधी १९४५ मध्ये, साधा सैनिक असताना, पॉट्सडॅमच्या शिखर परिषदेत त्याने ट्रुमन, चर्चिल आणि स्टालिन यांच्यासमोर वाजवलं. बेनीच्या भिकार वादनावरून सुरू झालेल्या गोष्टीतला खरा कलावंत तो!

१९४५ च्या डिसेंबरात तर कार्यक्रमाने स्पर्धाच लावली: ‘मला जॅक बेनी का सहन होत नाही’. एकूण १०,००० डॉलरच्या युद्धरोख्यांची बक्षिसं. अडीच लाखांहून जास्त लोकांनी पत्रं लिहिली. परीक्षकांमध्ये कोण? फ्रेड ॲलन. आणि जिंकलेलं उत्तर वाचून दाखवलं रोनाल्ड कोलमनने, त्या रेशमी आवाजात. त्या कवितेत आधी बेनीचे सगळे दोष मोजलेत आणि शेवटी म्हटलंय की हे सगळे दोष माझ्यातच आहेत, म्हणून तो सहन होत नाही. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या श्रोत्याने तेव्हाच देऊन ठेवलंय.

आता तिजोरी, कारण तिच्याशिवाय उत्तर अपुरं राहील. बेनी आपले पैसे घराखालच्या तळघरात ठेवतो. तो खाली उतरायला लागतो आणि पुढची मिनिटं नुसते आवाज: पावलं, साखळ्या, एक जाड दार, पुन्हा पावलं, दुसरं दार, मग कुलूप उघडताच भोंगे, घंटा, शिट्ट्या आणि सगळ्यात शेवटी जहाजाचा भोंगा. खाली पहारेकरी एड. तो किती वर्षं तिथे आहे कुणास ठाऊक. वरच्या जगात काय चाललंय याचा त्याला पत्ताच नाही, कुठलं युद्ध संपलं, कुठलं सुरू झालं. जोसेफ कर्न्स हा नट एडचा आवाज इतका सौम्य, इतका आज्ञाधारक काढायचा की हसता हसता त्या बिचाऱ्याची दया येते. टीव्हीवर ती तिजोरी दाखवली तेव्हा ती लहान झाली, असं माझं स्पष्ट मत आहे. कानांनी बांधलेलं तळघर डोळ्यांना पुरत नाही.

खऱ्या बेनीबद्दल. तो टिप भरपूर द्यायचा, कारण कमी दिली तर वेटरला कंजूषपणा खरा वाटणार. १९५६ पासून त्याने मोठमोठ्या सिम्फनी ऑर्केस्ट्रांसोबत मदतनिधीसाठी व्हायोलिनचे कार्यक्रम केले आणि त्यातून संगीतसंस्थांना लाखो डॉलर मिळवून दिले. लोक पैसे मोजून यायचे ते बेनीला वाईट वाजवताना ऐकायला, आणि तो ते खपवून घ्यायचा, कारण त्याला या वाद्याबद्दल आणि वादकांबद्दल मनापासून आदर होता. घरी तो नियमाने रियाज करायचा. त्याचं १७२९ चं स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राकडे गेलं. २६ डिसेंबर १९७४ ला तो गेला. त्याने अशी व्यवस्था करून ठेवली होती की मेरीला ती हयात असेपर्यंत रोज एक लाल गुलाब घरपोच यावा. ती १९८३ पर्यंत जगली. विनोदवीर जॉर्ज बर्न्स हा त्याचा सगळ्यात जवळचा मित्र. बर्न्सने काही केलं तरी बेनी हसून लोळायचा आणि बेनीने काही केलं तरी बर्न्स ढिम्म. अंत्यविधीत मात्र बर्न्सला बोलायला उभं केलं तेव्हा त्याच्याने बोलवेना.

वयाचं राहिलंच. कार्यक्रमातला बेनी कायम ३९ वर्षांचा. वॉकीगनमध्ये १९६१ ला त्याच्या नावाची शाळा सुरू झाली, तिथली मुलं स्वतःला ‘थर्टीनाइनर्स’ म्हणवतात.

ऐकायचं कुठून? पहिल्या वर्षांपासून सुरू केलं असेल तर ते आत्ता बाजूला ठेवा. तेव्हाचे बरेच भाग उरलेले नाहीत आणि जे आहेत त्यांत सूर अजून सापडायचा आहे. १९४५ च्या शरदापासून सुरू करा, क्रमाने. डिसेंबर १९४६ मधला नाताळच्या खरेदीचा भाग चुकवू नका: बेनी डॉनसाठी भेट म्हणून बुटाच्या नाड्या घेतो, मग नाडीच्या टोकाला प्लॅस्टिक असावं की धातू यावरून पुन्हा पुन्हा बदलायला येतो, आणि मेल ब्लँकचा गरीब विक्रेता हळूहळू वेडा होतो. त्या विक्रेत्याचा आवाज पहिल्या भेटीत किती आनंदी आहे ते लक्षात ठेवून ऐका.

८ जानेवारी १९५० चा भाग मात्र घाईने ऐकू नका. त्यात डॉन विल्सनला ड्रू पीअर्सन या पत्रकाराचं नाव घ्यायचं असतं आणि थेट प्रक्षेपणात त्याच्या तोंडून ‘ड्रिअर पूसन’ निघतं. कार्यक्रम चालू असतानाच लेखकांनी फ्रँक नेल्सनला गाठलं आणि त्याचं वाक्य बदललं. बेनीला काही सांगितलं नाही. नेल्सन म्हणजे तो खवचट माणूस, दुकानात, बँकेत, हॉटेलात, कुठेही भेटो, लांबलचक ‘येऽऽस?’ म्हणून बेनीला छळणारा. शेवटाकडे बेनी त्याला विचारतो, तुम्ही इथले दरवान का? आणि तो उसळून म्हणतो, मग काय ड्रिअर पूसन वाटलो? त्यानंतर बेनीला स्वतःला सावरता येत नाही, रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू येतं. पण त्याआधी नेल्सनचे दहा-बारा तरी प्रसंग तुमच्या कानावरून गेलेले हवेत.